आडी महिन्यातली सही

अप्पा, आज तुमच्यावर रागावून लिहायला बसले आहे, हे आधीच सांगून टाकते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता कसला राग, असं कोणी म्हणेल. म्हणू दे. तुम्ही होतात तेव्हा रागवायची सोय नव्हती. तुम्ही चष्मा काढून नुसतं बघायचात आणि मी स्वयंपाकघरात पळायचे. आता मी साठीला आले, गुडघे दुखतात, सूनबाई माझं ऐकत नाही, तेव्हा एवढा हक्क मला मिळायला हरकत नाही.

तुम्हाला आठवत असेल, आपल्या सैदापेटच्या घरात स्वयंपाकघराच्या दाराशी दोन कॅलेंडरं असायची. एक तमिळ, रोज पान फाडायचं. त्यावर राहुकाळ, यमगंड, दिवसातल्या सगळ्या अशुभ वेळा छापलेल्या. दुसरं पंचांग, आत्या सोलापूरहून टपालाने पाठवायची ते. तिकडचे लोक तिकडचे वाईट दिवस पाळतात, इथले लोक इथले पाळतात. आपण तंजावरचे मराठी, दोन्हीकडचे, म्हणून तुम्ही दोन्हीकडचे पाळायचात. तमिळ लोकांचा आडी महिना, साधारण आपला आषाढ, त्यात काही नवं सुरू करायचं नाही. मार्गळीत नाही. मग आपला पितृपक्ष आला, त्यात नाही. पौष आला, त्यातही नाही. हे सगळं वजा करून वर्षाचे जे थोडे दिवस उरत त्यात आपल्या घरातली लग्नं, बारशी, घरभरणी कोंबून बसवायची. नातेवाईक दिवस विचारायला तुमच्याकडे यायचे आणि तुम्ही गिंडीच्या कारखान्यातले साधे कारकून, पण त्या वेळी तुमचा थाट एखाद्या दिवाणासारखा असायचा. मी दहावी पास झाले तेव्हा तुम्ही माझ्यासाठी शाईचं पेन आणलंत. रविवार संध्याकाळ होती. पेन तुमच्या खिशात दिसत होतं आणि मी समोर जमिनीवर बसून होते, पण राहुकाळ संपून सहा वाजल्याशिवाय तुम्ही ते दिलं नाहीत. आई आतून म्हणाली, द्या की हो पोरीला, तर तुम्ही म्हणालात, आयुष्यभर वापरायची वस्तू आहे, तिला घाईचा वेळ कशाला लावायचा. तेव्हा मला ती माया वाटली होती. आणि मायाच होती ती, मी नाही म्हणत नाही. पण कॉलेजचा अर्ज मी बुधवारी दुपारी राहुकाळात भरला म्हणून तुम्ही तो फाडलात, चार तुकडे करून माझ्या हातात दिलेत आणि पुन्हा रांगेत पाठवलंत, तेही मी विसरलेले नाही.

आता मूळ गोष्टीवर येते. तुमचा धाकटा. तुम्ही गेलात तेव्हा तो नोकरीला नुकता लागला होता. पुढे पेरुंगुडीला एका मोठ्या ऑफिसच्या इमारतीत वीज, वातानुकूलन असली कामं बघायला लागला. माणूस हसरा, कशाची पर्वा नाही. तुमचे सगळे वाईट दिवस त्याने हसण्यावारी नेले. आडीत कोणी काही घेत नाही म्हणून दुकानदार भाव उतरवतात, तर हा मुद्दाम आडीतच खरेदीला जायचा. स्कूटर त्याने आडीतच घेतली आणि आईच्या नाकावर टिच्चून दारात आणून उभी केली. म्हणाला, तुझ्या आडीने मला एवढी सूट दिली, तिला नमस्कार कर. आईने नमस्कार केला नाही. लिंबूही ठेवलं नाही चाकाखाली.

पुढच्या पोंगलनंतर, जानेवारी संपता संपता, रात्रपाळी संपवून सकाळी घरी येताना, पाण्याच्या टँकरने त्याला मागून उडवलं. त्या रस्त्यावर टँकर कसे जातात ते तुम्ही पाहिलं नाहीत ते बरं. तुमच्या वेळी तिथे खाजण होतं आणि पक्षी होते. जीव वाचला. उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. मी तेव्हा नुकतीच सासरच्या सोलापूरहून कायमची परत आले होते, ह्यांना निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. इस्पितळाच्या जिन्यात भावजय माझ्या गळ्यात पडून तमिळमध्ये काय काय बोलत होती. आई मात्र रडली नाही. ती बाकावर बसून एकच वाक्य बोलली.

"आडीत घेतलेली गाडी. आडीनेच पाय नेला."

अप्पा, ते वाक्य तुमचं होतं. तोंड तिचं, पण शब्द तुम्ही चाळीस वर्षं दारावर टांगून ठेवलेले. मला तेव्हाच चीड आली. टँकरवाला पेंगत होता, त्याचं काही नाही. दोष महिन्याचा.

पहिले काही महिने कोणाला कसलं भान नव्हतं. एक शस्त्रक्रिया, मग दुसरी, मग जखम भरेना. नुकसानभरपाईचा दावा करायचा असतो एवढं सगळ्यांना ठाऊक होतं, पण घाई नाही असं आईच्या मामेभावाने सांगून ठेवलं होतं. मामा कोर्टात नोकरी करून निवृत्त झालेले, त्यांचा शब्द कोण खाली पडू देणार. त्यांनी म्हणे कित्येक वर्षांनी केलेले अपघाताचे दावे डोळ्यांनी पाहिले होते. ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या काळात तसंच होतं. मधल्या काळात कायदा बदलला आणि मामांना कोणी कळवलं नाही, इतकंच. आडीच्या आधीचा आनी महिना निम्मा झाला तेव्हा मी शेवटी स्वतःच जॉर्ज टाउनमधल्या एका वकीलबाईंकडे गेले. त्यांनी कागद चाळले, अपघात कधी झाला ते पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. मोटार अपघाताचा दावा आता सहा महिन्यांच्या आत दाखल करायचा असतो, म्हणाल्या. या नियमावर वरच्या कोर्टात भांडण चालू आहे, उशीर झालेल्यांना कदाचित आत घेतीलही, पण त्या कदाचितवर आपला माणूस टांगून ठेवू नका. सहा महिने संपायला फार दिवस उरले नव्हते. त्यांनी आणखीही सांगितलं. अपंगत्वाचं प्रमाणपत्र सरकारी इस्पितळातून काढा, त्यावरून ओळखपत्र मिळतं. कोर्टात मदत केंद्र आहे, अपंग माणसाला तिथे वकील फुकट मिळतो, मी महाग वाटले तर तिकडे जा, पण जा. मला बाई आवडल्या.

प्रमाणपत्राला मी त्याच्याबरोबर गेले. डॉक्टर चांगले होते, हळू बोलत होते, पण मोजायचं ते मोजावंच लागतं. टेप लावून मापं घेतली आणि टक्के लिहिले. खिडकीतल्या मुलीने मासिक मदत, बसचा पास, तीनचाकी स्कूटरची योजना, सगळं नीट समजावलं. तमिळमध्ये आता अपंगाला माट्रुत्तिरनाळी म्हणतात, वेगळ्या क्षमतेचा माणूस. तिने तोच शब्द वापरला, अगदी आदराने. हा भिंतीकडे बघत राहिला. बाहेर आल्यावर म्हणाला, अक्का, तिने किती चांगलं नाव दिलं, पण कागदावर खाली 'कायम' लिहिलंय, ते वाचलंस का? मी म्हटलं, वाचलं. तो म्हणाला, आतापर्यंत मला वाटत होतं हे काहीतरी चाललंय आणि संपेल. मग आम्ही कॉफी प्यायलो.

आनीच्या शेवटच्या आठवड्यात सही करायचं ठरलं होतं. नेमका त्याला ताप भरला, जखमेत पू झाला, पुन्हा इस्पितळ. बाहेर आला तेव्हा आडी लागली होती. आणि आईने पाय रोवले. आडीत नवं काही नाही. कोर्टाचं काम तर नाहीच नाही. एकदा आडीने दाखवलं ना, आता आणखी काय गमवायचंय, असं म्हणायची आणि उठून आत जायची. भावजय तमिळ घरातली, तिने आपल्या परीने मार्ग काढला. सासूला म्हणाली, आडी वाईट नाही अत्तै, आडी अम्मन देवीचा महिना, आणि आडीची अठरावी तर शुभ, नदीची पूजा असते, त्या दिवशी सही करू. आईची मान जरा हलली. मी बोटांवर हिशेब केला. अठरावी यायच्या आधीच मुदत संपत होती. अगदी थोडक्यात, पण संपत होती. आता करा काय करता.

तुम्ही म्हणाल, आईला कशाला विचारायचं, सही त्याची. अहो, तेच तर. मी त्याला म्हटलं, तू कर सही, आईला मी बघते. तो म्हणाला, आई म्हणेल तेव्हा. मला वाटलं थट्टा करतोय. आडीत स्कूटर घेणारा हा माणूस! मी चिडून म्हटलं, अरे, तू कधीपासून आडी मानायला लागलास? तर तो माझ्याकडे न बघता, चादरीखाली जिथे पाय नाही तिथे हात ठेवून बोलला.

"तेव्हा मानलं नाही, अक्का. बघितलंस ना काय झालं."

अप्पा, त्या क्षणी मला तुमचा इतका राग आला की तुमचा फोटो भिंतीवरून उतरवावासा वाटला. आईचं एक वेळ समजू शकते. पण तो घाबरला होता. तुम्हाला जे त्याला समजावून जमलं नाही, ओरडून जमलं नाही, ते त्या टँकरने करून दाखवलं. चाळिशी ओलांडलेला माणूस, घरात दोन पोरं शिकणारी, ऑफिसवाले 'बघू, बघू' म्हणत त्याची जागा दुसऱ्याला देऊन मोकळे झालेले, पुढचं आयुष्य त्या एका अर्जावर उभं, आणि तो मात्र पंचांगाच्या मागे लपलेला. खरं म्हणजे त्याला सही करायचीच नव्हती. सही केली की तो 'कायम' शब्द खरा होणार होता. आडी त्याला आयती सापडली. मला हे कळत होतं, आणि कळून उपयोग काहीच नव्हता.

मी आईशी भांडले. वकीलबाईंना फोन लावून तिच्या कानाला दिला. मामांना आणलं, त्यांनी चूक कबूल केली, कान पकडले. आई ऐकून घ्यायची आणि शेवटी म्हणायची, ह्यांनी कधी आडीत सही केली नसती. झालं. मेलेल्या माणसाशी वाद कसा घालायचा?

मग गुरुवारी संध्याकाळी, मुदत संपायला दोनच दिवस होते, आई देवापाशी वाती वळत बसली होती. मी तिच्याजवळ बसले आणि माझ्या तोंडून निघून गेलं. ठरवून नव्हतं आलेलं, देवासमोर सांगते.

"अप्पा म्हणायचे, जखमेवरची पट्टी आणि कोर्टाची मुदत, यांना मुहूर्त बघायचा नसतो."

आईचे हात थांबले. कधी म्हणाले, तिने विचारलं. मी म्हटलं, गिंडीला त्या माणसाचा हात मशीनमध्ये सापडला होता ना, त्या रात्री, मला म्हणाले. त्या दिवशी मी खरंच तिथे होते, अप्पा. शाळेला सुट्टी होती, मी तुमचा डबा घेऊन आले होते आणि तुम्ही मला परत न पाठवता टेबलापाशी चित्रं काढत बसवलं होतं. मंगळवार होता, साडेतीनचा सुमार. किंकाळी ऐकू आली. तुम्ही खुर्ची मागे ढकललीत, खांद्यावरचा टॉवेल त्या माणसाच्या हाताला गुंडाळलात आणि त्याला कवेत धरून रिक्षात घातलंत. घड्याळाकडे पाहिलं नाहीत. मंगळवारी तीन ते साडेचार, भर राहुकाळ, ज्यात तुम्ही मला पेन्सिलसुद्धा विकत घेऊ द्यायचा नाहीत. तुमच्या पांढऱ्या शर्टाला रक्त लागलं होतं. तेवढं खरं. वाक्य मात्र तुम्ही बोलला नाहीत. त्या रात्री तुम्ही मला काहीच म्हणाला नाहीत. त्या माणसाला पुढे काही मिळालं का, तेही मला माहीत नाही. मालक त्याच्या घरी फळं घेऊन गेले होते आणि नंतर तो गावी गेला, एवढंच कानावर आलं होतं.

आई माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. नंतर वाती डब्यात ठेवल्या, हात पदराला पुसले.

"सरी, बरं," ती म्हणाली. "उद्या किती वाजता?"

त्याच्या खोलीत ती स्वतः गेली. काय बोलली मला ठाऊक नाही, मी बाहेरच थांबले. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं रिक्षाने जॉर्ज टाउनला गेलो. अपघाताचे दावे लढवणाऱ्या बाई, पण ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, अरुंद जिना, लिफ्ट नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय. त्या बिचाऱ्या शरमल्या, कागद घेऊन खाली आल्या. रिक्षाच्या सीटवर, मागे हातगाड्यांचा कालवा, धाकट्याने कुबड्या बाजूला ठेवल्या आणि फाइल मांडीवर घेतली. एक मांडी धड, दुसरी अर्धी, फाइल घसरायला लागली. आईने हात लावून ती धरली. शुक्रवार होता, साडेअकरा. म्हणजे कसली वेळ ते तुम्हाला सांगायला नको. आईलाही ठाऊक होतं. ती फाइलकडे बघत राहिली, हातातल्या घड्याळाकडे पाहिलं नाही. त्याने सगळीकडे सह्या केल्या. शेवटच्या पानावर त्याचा हात जरा थांबला, मग तिथेही केली. त्याच दिवशी अर्ज दाखल झाला.

पैसे मिळाले का म्हणाल तर अजून नाही. विमा कंपनीचा वकील म्हणतो, हाच मध्ये घुसला. तारखा पडतात. धाकट्याला कृत्रिम पाय बसवलाय, तो टोचतो, तो काढून कोपऱ्यात उभा करून ठेवतो आणि मुलं घरी यायच्या वेळेला पुन्हा घालतो. तो पूर्वीसारखा हसत नाही. पण दावा उभा आहे. वकीलबाई म्हणतात, निदान उंबरठ्यावरून कोणी परत पाठवणार नाही. रात्री मला झोप येत नसली की मी तेवढंच घोकते.

आणि ते वाक्य, अप्पा. ते घरात रुळलं. भावजय ते तमिळमध्ये सांगते, मामनार, म्हणजे सासरे, असं म्हणायचे म्हणून. धाकट्यानेही एकदा वकीलबाईंना ऐकवलं. त्या म्हणाल्या, तुझे वडील शहाणे होते. मला बरं वाटलं. काय सांगू, मला अगदी भरून आलं.

आज सकाळी शेजारची बाई आली होती. तिच्या नवऱ्याला कामावर शॉक बसून हाताची बोटं वाकडी झाली आहेत. कंपनी दाद देत नाही. ती म्हणत होती, मार्गळी संपू दे, तै महिना लागला की बघू वकिलाचं. आई भाजी चिरत होती. तिने विळी आडवी केली आणि तिला ठणकावून सांगितलं, आमचे हे म्हणायचे, जखमेवरची पट्टी आणि कोर्टाची मुदत, यांना मुहूर्त बघायचा नसतो, आजच जा. बाई गेलीसुद्धा, माझ्याकडून वकीलबाईंचा पत्ता घेऊन. मी कॉफीचा पेला आईपुढे ठेवला. मला राहवलं नाही. म्हटलं, आई, अप्पांचं ते बोलणं तुझ्या चांगलं लक्षात राहिलं. तिने वर पाहिलं नाही. पुन्हा चिरायला लागली.

"ते असं कधी बोलले नाहीत. त्या माणसाचा हात सापडला त्या रात्री घरी येऊन त्यांनी आधी माझ्याकडून दृष्ट काढून घेतली. राहुकाळात बाहेर पडलो म्हणून शनिवारी आंजनेयाला वड्यांची माळ घातली." मग चिरलेली भाजी बाजूला सारत म्हणाली, "पण बोलायला हवं होतं."

एवढंच. तिला त्या गुरुवारपासून माहीत होतं. मी तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले. ती म्हणाली, दूध उतू जाईल, बघ.

म्हणून हे लिहायला बसले, आणि लिहिता लिहिता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. ती तेवढी सांगते आणि हे कागद मिटते. अप्पा, गेले वर्षभर माझा तुमच्यावरचा राग निवत चालला होता. तुमचा फोटो पुसताना मी तुमच्याशी बोलायलाही लागले होते. तो राग त्या एका वाक्यामुळे निवला होता, आणि ते वाक्य माझंच होतं.